पेन्सिलीची टकटक

लिपोव्हात गुरुवारी कुणी लग्न ठरवत नसे, कुणी दात काढायला जात नसे आणि शक्यतो कुणी मरतही नसे. गुरुवारी गुरांचा लिलाव असे. नेब्रास्काच्या त्या भागात मका, आणि मक्याच्या पलीकडे पुन्हा मकाच. माणसाला माणसाचं तोंड बघायचं तर एक रविवारचं चर्च आणि दुसरं सेडलाचेकांचं लिलावघर. आता चर्चमध्ये पेंगणारे पुष्कळ होते, पण लिलावघरात डोळा मिटायची कुणाची छाती नव्हती. तिथं पेंगणाऱ्याची मान हलली की बैल त्याच्या गळ्यात पडायचा.

खाली मातीचं रिंगण, भोवती चढत गेलेली लाकडी बाकं, आणि समोर उंच मचाणावर लुमिर सेडलाचेक. अंगानं किडकिडीत, पण जीभ अशी की नव्या माणसाला वाटावं, आत कुठंतरी शिवणयंत्र चालू आहे. ही जीभ त्यानं पोरवयात कमावली. बापाच्या ट्रॅक्टरवर बसून तो कुंपणाचे खांब विकायचा. एक खांब आला की बोली सुरू, पुढचा येईस्तोवर सौदा पुरा. त्याची आई म्हणायची, माझ्या पोरानं आमचं सगळं कुंपण गावाला विकलं, आणि गावानं एक खांब उचलून नेला नाही.

फादर सिरिलच्या बोकडाची गोष्ट तर गावात नातवंडांनाही पाठ आहे. फादर नुसते बघायला आले होते. नाकावरची माशी हाकलायला त्यांनी हात वर केला आणि लुमिरनं बोकड देऊन टाकला. पुढं त्या बोकडानं चर्चच्या आवारातले बिशपसाहेबांसाठी राखलेले गुलाब खाल्ले. लुमिरला माशी दिसली नव्हती असं नाही. त्याला सगळं दिसायचं. कोण भुवई उचलतो, कोण टोपीच्या कडेला बोट लावतो, कोण बायको शेजारी बसली म्हणून नुसता बूट हलवतो. त्यानं त्या दिवशी गंमत केली आणि बोकडाचे पैसे स्वतः भरले. एरवी त्याच्या रिंगणात कुणाची फसवणूक झाली नाही, आणि हे वाक्य तो जेवताना, झोपताना, चर्चमध्ये पापांची कबुली देतानाही सांगायचा.

मचाणावर त्याच्या शेजारी त्याची मुलगी डोरीन बसायची. कुणी काय घेतलं, कितीला घेतलं, ते लिहून ठेवायचं तिचं काम. सुताराची असते तसली जाड पेन्सिल. सौदा पुरा झाला की लुमिर ओरडायचा, "दिलं!" मग मान तिच्याकडे वळवून हळू आवाजात, "लिही, पोरी." डोरीनचं मध्यंतरी लग्न झालं, ते फार दिवस टिकलं नाही, आणि ती बापाच्या घरी परत आली. आई अर्मा गेली. पोरगी साठीकडे झुकली तरी मचाणावर ती 'पोरी'च राहिली.

मग एका गुरुवारी शेवटच्या बाकावरच्या माणसानं माशीवर टोपी झाडली आणि लुमिरनं त्याला तीन वासरं देऊन टाकली. या वेळी गंमत नव्हती. डोरीननं बापाच्या डोळ्यांत पाहिलं. तिथं माशी आणि माणूस यांत काही फरक उरला नव्हता. ती उठून उभी राहिली आणि म्हणाली, माझंच चुकलं, मी बाबांना भलतीकडे बोट दाखवलं. लोक हसले. वासरं पुन्हा लिलावाला लागली.

त्या दिवसापासून ती तसंच करत गेली. बोली कुठून आली ते ती टेबलाखाली बापाच्या पावलावर पाऊल दाबून सांगायची, उजवं किंवा डावं. किंमत कुठवर आली ते तोंडातल्या तोंडात पुटपुटायची. लोकांना वाटे, लिहिताना बोलायची सवय आहे. घेणाऱ्याचं नाव बापाच्या कानात सांगायची. आणि सगळ्यात मोठी अडचण म्हणजे थांबणं. म्हाताऱ्याची जीभ एकदा सुटली की तिला थांबायचं कळेना. मग डोरीन पेन्सिल लाकडावर दोनदा आपटायची. टक, टक. लुमिर लगेच, "दिलं! लिही, पोरी." रिंगणात खुराचा आवाज, बाकांवर गप्पा, त्या टकटकीकडे लक्ष कोण देतो.

मधे मधे तो एक विनोद सांगायचा, दर गुरुवारी तोच, एखाद्या गुरुवारी दोनदा. पण लिलाव पुकारणाऱ्यांचे विनोद शिळेच असतात. लोक आधीच्याइतकेच हसले.

डोरीननं हे का केलं? घरी त्याला संडासाचं दार सापडत नसे. अर्मा कुठं गेली म्हणून तो दुपारी विचारायचा, आणि ती मेल्याचं ऐकून दर वेळी नव्यानं रडायचा; शेवटी डोरीन म्हणू लागली, बेकरीत गेली आहे, येईल. आठवड्यातले इतर दिवस ती एका म्हाताऱ्या मुलाला भरवत होती. गुरुवारी मात्र मचाणावर चढला की पाठ ताठ, टोपी तिरकी, आवाज खणखणीत. आठवड्यातून एकदा तिला तिचा बाप भेटायचा. ती भेट तिला सोडवेना.

तिचा धाकटा भाऊ जेराल्ड ओमाहात राहायचा, घरं-जमिनी विकायचा. माणूस वाईट नव्हता, घाईचा होता. दर रविवारी फोन करायचा. बाबा कसे आहेत? डोरीन म्हणायची, ठणठणीत. मागे तुटक बोलत होते ते? म्हणायची, दातांची कवळी सैल झाली आहे. विषय संपला.

असाच एका गुरुवारी तो लिलाव बघायला आला. बापानं सगळा कळप झोकात विकला. नंतर लिलावघराच्या कॅफेत लुमिर चेरीचं सारण भरलेली पाई खात बसला असताना जेराल्डनं बँकेतल्या नोटरीबाईंना बोलावलं आणि बापासमोर मुखत्यारपत्र ठेवलं. बाबांचं काही कमीजास्त झालं तर मला सह्या करता याव्यात एवढंच, असं त्यानं सगळ्यांना सांगितलं. नोटरीबाईंनी विचारलं, लुमिर, हे काय आहे कळतंय ना? लुमिरनं तो विनोद सांगितला. बाई हसल्या. लुमिरनं सही केली. सही त्याची अजून सुंदर यायची. डोरीन तेव्हा मागच्या वाड्यात गुरं ट्रकमध्ये चढवणाऱ्यांशी हुज्जत घालत होती. तिला कुणी सांगितलं नाही, आणि तिनं विचारलं नाही.

त्या हिवाळ्यात लुमिर सपाता घालून बर्फात चालत गेला. सापडला तो रस्त्याकडेच्या कुंपणाशी, खांब विकत उभा. पायाची बोटं काळी पडली होती. इस्पितळातून त्याला घरी आणायला डोरीन गाडी घेऊन गेली, मागच्या सीटवर रजई, थर्मासमध्ये सूप. चौकशीच्या खिडकीमागची मुलगी म्हणाली, ते सकाळीच गेले. जेराल्डनं त्याला ओमाहातल्या एका वृद्धाश्रमात नेलं होतं. डोरीन तशीच तिकडं गेली. तिथं सांगितलं, त्यांना बाहेर न्यायचा अधिकार मुखत्याराला आहे, तुम्हाला नाही. भेटायचं असेल तर भेटा. सूप आत न्यायला मात्र मनाई होती, म्हणून तिनं ते गाडीत बसून स्वतः प्यायलं.

आठ दिवसांत लिलावघरापुढे विक्रीची पाटी लागली.

तिनं भावाला फोन केला. जेराल्ड म्हणाला, "तिथं तू एकटी कशी सांभाळणार? आणि लिलाव पुकारणार कोण आता?"

"बाबांना घरी यायचंय."

"बाबांना अर्मा बेकरीतून यायला हवी आहे, डोरीन. मला परवा तेच सांगत होते."

मग तिनं वकील गाठली. टेरेसा नोवोट्नी, तालुक्याच्या गावी कोर्टासमोर कचेरी. तरुण बाई, पण तिच्या आजोबांनी मेंढ्या सेडलाचेकांच्या रिंगणातच विकल्या होत्या, त्यामुळे फार समजवावं लागलं नाही. टेरेसा म्हणाली, आज तुमचे वडील कसे आहेत याला किंमत नाही. सही केली त्या दिवशी त्यांना कळत होतं की नाही, एवढाच प्रश्न. कळत नसेल तर तो कागद रद्द. तुम्ही साक्षीदार आणा, त्या दिवशी त्यांना पाहिलेले.

त्या दिवशी त्यांना पाहिलेले म्हणजे अख्खं गाव. डोरीन आधी मायलो कुडर्नाकडे गेली. मायलो बापाचा जुना दोस्त, शेजारच्या शेताचा, आणि त्या गुरुवारी त्याच्याच कालवडी विकल्या गेल्या होत्या. त्यानं कॉफी ओतली, कोलाचे, म्हणजे खसखस भरलेले गोड पाव, पुढं ठेवले आणि सगळं ऐकून घेतलं.

"पोरी, मी तुझ्या बाजूनं आहे," तो म्हणाला. "पण शपथेवर खोटं कसं बोलू? त्या दिवशी लुमिरनं माझ्या कालवडी अशा विकल्या की पंचविशीतल्या पोराला जमलं नसतं. माझ्या बापावरून विनोदसुद्धा केला."

"तो विनोद ते सगळ्यांना सांगतात, मायलोकाका. प्रत्येकाच्या बापावरून."

"मग? पूर्वीही सांगायचा."

दुसरीकडे गेली, तिथं तेच. तिसरीकडे तेच. सगळे तिच्या बापाचं कौतुक करत होते आणि प्रत्येक कौतुकाबरोबर तिची बाजू पडत होती. गाडीत बसल्यावर तिला हसू आलं, आणि ते काही चांगलं हसू नव्हतं. तिनं काम इतकं सफाईनं केलं होतं की बाप आजारी होता हे ठाऊक असलेलं माणूस जगात एकच उरलं होतं.

टेरेसाला तिनं सगळं सांगितलं. पाऊल, पुटपुटणं, पेन्सिल. टेरेसानं ते सगळं उतरवून घेतलं. मग म्हणाली, हे तुम्हाला कोर्टात, सगळ्यांसमोर सांगावं लागेल. आणि तुमचे वडीलही तिथं असतील, त्यांचा तो हक्क आहे.

डोरीननं त्यावर घरी जाऊन विचार केला. बापाचं एकच वाक्य होतं, माझ्या रिंगणात कुणाची फसवणूक झाली नाही. बापाला घरी आणायचं तर ते वाक्य तिलाच मोडायला लागणार होतं. पण वाक्याला भूक लागत नाही, थंडी वाजत नाही. बापाला लागते. तिनं हो म्हटलं.

कोर्टात त्या दिवशी लिलावाला यावी तशी गर्दी. कॅफेवाली, नोटरीबाई, मायलो, बाकांवरची सगळी मंडळी इस्त्रीच्या शर्टात. जेराल्डच्या वकिलानं एकेकाला उभं केलं आणि एकेकानं सांगितलं, लुमिर त्या दिवशी चांगला होता. मायलो बोलताना डोरीनकडे बघत नव्हता. मग जेराल्ड उभा राहिला. तो म्हणाला, मी दर रविवारी बहिणीला विचारत होतो, ती म्हणायची ठणठणीत. मी तिच्यावर विश्वास ठेवला, ही माझी चूक का?

तिची पाळी आली तेव्हा तिनं सगळं सांगून टाकलं. खोलीत कुजबुज झाली.

जेराल्डचा वकील उठला. "म्हणजे तुम्ही इतके दिवस अख्ख्या गावाला फसवत होता, आणि आज अचानक खरं बोलताय?"

"हो."

"तुमच्यावर विश्वास का ठेवायचा?"

ती म्हणाली, माहीत नाही.

न्यायाधीशबाईंनी चष्मा काढला आणि त्या लुमिरशी बोलायला वळल्या. त्याला चाकाच्या खुर्चीत पुढं आणून बसवलं होतं, जुना कोट, हातात टोपी. बाईंनी प्रेमानं विचारलं, श्री. सेडलाचेक, मी ऐकलंय तुम्ही लिलाव फार छान पुकारता?

लुमिरनं टोपी घातली. तिरकी. आणि जीभ सुटली. एक दुभती गाय आली, तिचे दात, तिची कास, तिची आई कुणाची. बोली चढायला लागली, उजवीकडून, डावीकडून, मागच्या बाकावरून. अडखळणं नाही, श्वास घेणं नाही. मंडळी खूश झाली. कुणीतरी कोपरानं शेजाऱ्याला ढोसलं. जेराल्ड वकिलाकडे बघून हसला, आणि त्या हसण्यात थोडा बापाचा अभिमानही होता, तो नाकारता येणार नाही.

बाई म्हणाल्या, वा, पुरे, धन्यवाद.

लुमिर थांबला नाही. गाय चढतच गेली. अशा किमतीला गेली की त्या किमतीत लोक शेत घेतात, आणि मग त्याच्याही वर. बाई पुन्हा म्हणाल्या, पुरे. जेराल्ड उठून जवळ गेला, "बाबा, झालं. बाबा." लुमिरनं त्याची बोली धरली आणि आणखी चढवली. आवाज बसायला लागला. कपाळावर घाम. बाकांवरचं हसू एकेकाच्या तोंडावरून उतरत गेलं. घेणारं कुणी नाही, गाय नाही, आणि म्हातारा कुठल्या तरी रिकाम्या रिंगणाकडे डोळे फाडून बघतोय, ओठाच्या कडेला फेस आलाय. कॅफेवालीनं तोंडाला हात लावला.

डोरीनच्या मांडीवर पेन्सिल होती. तिनं ती धरून ठेवली होती. लवकर आपटली तर कुणाला कळणार नाही, हे तिला माहीत होतं. बाप तिच्याकडे बघत नव्हता, पण त्याची मान मधे मधे तिच्या बाजूला झुकत होती. टकटकीची वाट बघत असावा. ती बसून राहिली. मायलो कुडर्ना उठून म्हणाला, अरे कुणीतरी थांबवा त्याला. तेव्हा तिनं समोरच्या लाकडी कठड्यावर दोनदा पेन्सिल आपटली.

"दिलं!" लुमिर म्हणाला. मान वळवली. "लिही, पोरी."

न्यायाधीशबाईंनी चष्मा पुन्हा घातला.

मुखत्यारपत्र रद्द झालं. टेरेसानं डोरीनचा हात दाबला. पण न्यायाधीशबाईंचं बोलणं संपलं नव्हतं. त्या म्हणाल्या, मुलानं बापाची सही एका पाईच्या ताटलीशेजारी घेतली. मुलीनं आजारी बापाला गावासमोर उभं करून कळसूत्री बाहुलीसारखं नाचवलं आणि डॉक्टरला दाखवलं नाही. प्रेम दोघांचं असेल, ते मोजायला हे कोर्ट बसलेलं नाही. या माणसाचा पालक म्हणून मी दोघांपैकी कुणालाच नेमणार नाही.

पालक म्हणून नेमली गेली श्रीमती हॅलोरन, लिंकन शहरातली, असलीच कामं करणारी. लुमिरला तिनं आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं. बाई व्यवस्थित होती, तिच्याबद्दल वाईट बोलण्यासारखं काही नाही, तेच तर वाईट. तिनं घर पाहिलं, जिना पाहिला, बर्फ पाहिलं आणि लुमिरला होता त्याच वृद्धाश्रमात ठेवलं. त्याचा खर्च भागवायला लिलावघर विकलं. तिथं आता टायरांचं गुदाम आहे.

निकालाच्या दिवशी कोर्टाबाहेर भाऊ-बहीण गाड्यांपाशी उभे होते. जेराल्ड म्हणाला, "तू मला आधीच खरं सांगितलं असतंस तर हे काही झालं नसतं."

"काय केलं असतंस तू?"

तो विचार करत राहिला. प्रामाणिक होता बिचारा.

"हेच," तो म्हणाला आणि गाडीत बसला.

गावानं तिला काही केलं नाही. नुकसान कुणाचं झालं नव्हतं, किमती सगळ्या खऱ्या होत्या, बोली लावणारे खरे होते. तरी चर्चमध्ये तिच्या बाकावर जागा रिकामी राहू लागली. मायलोनं एकदा तिला दुकानात गाठलं आणि विचारलं, "माझ्या कालवडी विकल्या कुणी मग? मी लुमिरशी हात मिळवला होता." ती म्हणाली, बाबांनीच. तो म्हणाला, नाही पोरी, आता तसं म्हणता यायचं नाही. आणि कोलाचे बांधून घेऊन निघून गेला. सगळी म्हातारी मंडळी आपल्या आपल्या जनावरांची आठवण काढून बसली होती, की ते आपण लुमिरकडून घेतलं की एका पेन्सिलीकडून. अभिमानानं सांगायची लुमिरची गोष्ट गावाजवळ होती, तीच तिनं नेली असं त्यांना वाटत होतं. फादर सिरिलच्या बोकडाची गोष्टही आता सांगताना लोक मधेच थांबतात.

हॅलोरनबाईंनी तिला रविवारी दुपारी भेटायची परवानगी दिली. ती जाते. भाजलेलं बदक नेता येत नाही, डंपलिंगचे उकडलेले गोळे नेता येत नाहीत, ती नुसती जाते. लुमिर तिला ओळखत नाही, पण आली की खूश होतो, कारण तो सगळ्यांनाच बघून खूश होतो. अर्मा अजून बेकरीत आहे.

एकदा गेली तर तिथली परिचारिका वैतागली होती. फिलिपिन्सची, कामाला चपळ, मनानं चांगली. ती म्हणाली, तुमचे बाबा एकदा सुरू झाले की थांबत नाहीत, शेजारच्या खोल्यांतले लोक तक्रार करतात, डॉक्टर आता गोळी वाढवतो म्हणाला. वाढवली की दिवसभर झोपतील बघा.

आत लुमिर खिडकीतून दिसणाऱ्या दिव्यांचे खांब विकत होता. आवाज पार फाटला होता.

डोरीन दारात उभी राहिली. टकटक एवढीच तर तिच्याजवळ उरली होती. कोर्टालाही ती घेता आली नव्हती. जेराल्ड इथं आला की करून बघायचा, त्याला जमायची नाही, बोटानं वाजवायचा. मग तिनं पर्समधून ती जाड पेन्सिल काढली आणि परिचारिकेच्या हातात दिली. बोटानं नाही, म्हणाली. लाकडावर. दोनदा, फार जोरात नाही. आणि मग त्यांच्याकडे बघा, ते काहीतरी म्हणतील.

परिचारिकेनं खाटेच्या लाकडी कठड्यावर दोनदा टकटक केली.

"दिलं!" लुमिर म्हणाला. मान वळवून त्यानं तिच्याकडे पाहिलं, समाधानानं, दिवसाचं काम चांगलं झाल्यावर बघायचा तसं.

"लिही, पोरी."

परिचारिका हसली, हो लिहिते म्हणाली, आणि पेन्सिल आपल्या खिशात ठेवली. डोरीननं कोट घातला. बर्फ पडायच्या आत लिपोव्हाला पोचायचं होतं.